पुस्तकात न आलेला मुलगा

खाला दिवसातून दोनदा सुया मोजायची. सकाळी मशीनवरचं कापड काढल्यावर एकदा आणि संध्याकाळी घरी निघायच्या आधी एकदा. धुलाईच्या दुकानात मागच्या बाजूला, इस्त्रीच्या टेबलापलीकडे, तिचं पायमशीन होतं. लोक कपडे धुवायला टाकत आणि जाता जाता सांगत, हिची चेन गेलीय, ह्याची लांबी दोन बोटं कमी करायचीय. ते सगळं खालाकडे जाई. नवा कपडा तिने आयुष्यात फारसा शिवला नाही. "मी दुसऱ्यांच्या शिवणी उसवून पोट भरते," असं ती स्वतःच हसून सांगायची.

मशीनशेजारी कापडाची उशी, तिच्यात हातशिलाईच्या चौदा सुया. संध्याकाळी चौदा भरल्या नाहीत तर ती जागची हलत नसे. कुठल्याशा मोडक्या रेडिओतून काढलेलं लोहचुंबक दोरीला बांधून ती फरशीभर फिरवायची, कोपरे, टेबलाखाली, गिऱ्हाइकाच्या बाकाखालीसुद्धा. दुकानाचा मालक तिला इन्स्पेक्टरबाई म्हणायचा. ती त्याला सुनवायची, की कुणाच्या कॉलरमध्ये सुई निघाली तर पाटीवर तुझं नाव आहे बाबा, माझं नाही.

ती कुणाचीच सख्खी खाला, म्हणजे मावशी, नव्हती. पण आमच्या इमारतीत सगळेच तिला खाला म्हणत, मालकही म्हणायचा, त्याचं आमच्या मशिदीशी काही नातं नसताना. नवरा त्याच दुकानात इस्त्री करायचा, तो गेल्याला खूप वर्षं झाली. एकुलता मुलगा फ्रीज दुरुस्तीचं काम शिकला आणि परदेशी गेला. जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत तो एकदाही आला नव्हता. कागद झाले की येतो, असं सुरुवातीला म्हणायचा. मग नुसतं "बघतो" म्हणायला लागला. खाला ते शब्द जपून सांगायची, जणू एखाद्या मोठ्या माणसाने काही कबूल केलं असावं.

खालाच्या रोज्यांबद्दलही लिहायला हवं. लग्न झाल्यापासून बाळंतपणाचं एक वर्ष सोडलं तर तिचा एकही रोजा चुकला नव्हता. सुईत ओवताना शिवणारी माणसं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करतात. रमजानात खाला ते करत नसे. मशीनवर पाण्याची छोटी वाटी ठेवायची आणि बोटाने टोक ओलं करायची. मालक म्हणायचा, एवढ्याने काय मोडतंय तुझं. ती म्हणायची, सवय तोंडाला लागते आणि तोंडाला कुलूप नसतं.

आता माझं. मी घर सांभाळते आणि रोज वहीत चार ओळी लिहिते. काय शिजवलं, कोण आलं, कुठली नमाज वेळेत न होता कजा झाली. वहीच्या मागच्या पानांवर वाचलेल्या पुस्तकांची यादी आहे. मला एकाच तऱ्हेच्या कादंबऱ्यांचा नाद आहे, देश सोडून गेलेल्यांच्या. कोपऱ्यावरच्या ग्रंथालयातल्या बाईंना ते माहीत आहे, नवीन काही आलं की त्या माझ्यासाठी बाजूला ठेवतात. आमचे हे म्हणतात, तू दाराबाहेर न पडता सगळीकडे नोकऱ्या करून आलीस. खरंच आहे. मी त्या पुस्तकांतून शीतगृहात मासे भरले, म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या, सहा जणांत एका खोलीत पाळीपाळीने झोपले. पण मला सगळ्यात आत जाऊन लागतं ते त्यातलं रमजान. कुठल्याशा कारखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीत एकटा मुलगा बाटलीचं झाकण उघडून घड्याळाकडे बघत बसलेला असतो. अजान ऐकू येत नाही, म्हणून घड्याळ. असं पान आलं की मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

रमजानच्या आधीच्या महिन्यात, शाबानमध्ये, माझी तयारी ठरलेली असते. नमाजाला अंथरायचे जानमाज धुवायचे, फडताळं पुसायची, ज्यांच्याशी वर्षभरात काही कमीजास्त बोलणं झालं त्यांची जाऊन माफी मागायची. आणि अशी एक कादंबरी संपवून चांद दिसायच्या आत ग्रंथालयात परत द्यायची. महिनाभर मग घरात कुराणच उघडलं जातं. कुणाला हे विचित्र वाटेल. पण भुकेला बसण्याआधी भुकेल्या माणसाची गोष्ट वाचली, की माझ्या रोज्यात जीव येतो.

यंदा शाबानच्या आधीच एका संध्याकाळी खालाच्या उशीत तेराच सुया भरल्या.

तिने चुंबक फिरवलं. फरशी पुसून घेतली. त्या दिवशी गेलेल्या कपड्यांच्या घड्या उलगडायला लावल्या. सुई सापडली नाही. चार दिवस ती गिऱ्हाइकांना विचारत होती, कुठे टोचलं नाही ना. मालक वैतागला. "एका सुईसाठी तू माझं दुकान बंद करशील," म्हणाला.

सुई तिच्या स्वतःच्या डाव्या पायात होती. साखरेच्या आजाराने तिच्या तळव्यांना कित्येक वर्षं काही लागत नव्हतं. गरम फरशी कळायची नाही, खडा कळायचा नाही. चपलेच्या तळातून सुई वर आली, आत मोडली आणि ती दिवसभर त्याच पायाने मशीन चालवत राहिली. तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले तर खोलीत वास येत होता. मी म्हटलं, खाला, चप्पल काढा बघू. तळवा बघितल्यावर मी खाली जाऊन रिक्षा बोलावली. दवाखान्यात फोटो काढला, त्यात अर्धी सुई पांढरी स्वच्छ दिसत होती. डॉक्टर ती दाखवत होते आणि खाला म्हणाली, "सापडली एकदाची. मालकाला फोन कर."

सुई काढली, पण जखम भरेना. पाय खाली ठेवायचा नाही असं सांगितलं. मालकाने तेवढं केलं, हातशिलाईचे कपडे पिशवीत घालून घरी पाठवायला लागला. आणि मी रोज दुपारची नमाज पढून तिच्याकडे जायला लागले. एका स्टुलावर तिचा पाय, दुसऱ्यावर कपड्यांची पिशवी, आणि खाटेच्या कडेला मी. नुसतं बसून काय बोलायचं, म्हणून यंदाची कादंबरी बरोबर नेली.

खालाला आपली लिपी वाचता येत नव्हती. कुराण मात्र ती अस्खलित पढायची, लहानपणी शिकलेली. सही करायची वेळ आली तर तीसुद्धा ती अरबी अक्षरांत करायची. म्हणजे आयुष्यात तिने एकच पुस्तक वाचलं होतं, आणि त्या पुस्तकात एक अक्षर खोटं नाही. हे मला माहीत होतं. ह्याचा अर्थ काय होतो, तो मात्र मी लक्षात घेतला नाही.

कादंबरीतल्या मुलाला ती दुसऱ्या दिवसापासून "तो पोरगा" म्हणायला लागली. त्याला थंडीत कोट नव्हता तेव्हा तिने तुरपाई थांबवून विचारलं, की बरोबरचे लोक काय करतायत, कुणाकडे जास्तीचा नाही का. मुकादमाने त्याचा पगार अडवला तर मुकादमाला तिने अशा शिव्या दिल्या, की मी पुढचं वाचू शकले नाही. मी एकदा म्हटलं, खाला, ही बनवलेली गोष्ट आहे. ती म्हणाली, "नावं बदलली असतील. छापलंय म्हणजे कुणीतरी बघून आलंच असेल ना. उगीच कोण छापतं?" मी हसले आणि पान उलटलं. तिथेच थांबून समजावायला हवं होतं. पण तिला गोष्ट लागत होती आणि मला वाचून दाखवणं आवडत होतं. घरात माझं वाचन कोण ऐकतं.

तो पोरगाही आईला फोनवर शब्द देत असे, कागद झाले की येतो. त्या वाक्याला खाला प्रत्येक वेळी मान हलवायची.

मला एक गोष्ट तेव्हाही खटकत होती. चारशे पानांच्या पुस्तकात आईला जेमतेम पंधरा पानं होती. ती खिडकीत बसते, फोनची वाट बघते, शेजारणीला मुलाचे फोटो दाखवते. मी वाचलेल्या जवळजवळ सगळ्याच पुस्तकांत असं आहे. गेलेल्याचा बूट कुठल्या दुकानातला तेही कळतं आणि राहिलेलीने सकाळी काय खाल्लं ते कुणी सांगत नाही. मला वाटतं त्या पुस्तकांतल्या आया शेवटी मरण्यासाठीच ठेवलेल्या असतात, म्हणजे मुलाला रडायला एक प्रकरण मिळतं. मी हे वहीत लिहून ठेवलं होतं. लिहिताना मला आपण फार शहाणे आहोत असं वाटलं होतं.

शाबानच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दोन बोटं काळी पडली आहेत, ती काढायची आणि आतलं साफ करायचं. आत्ता केलं तर बोटांवर भागेल, नाहीतर वर चढेल. तारीख दिली सत्तावीस शाबानची, रमजानच्या दोन-तीन दिवस आधी. आणि हेही सांगितलं, की ह्या वर्षी रोजे नाहीत. खाला ऐकेना. मग आमच्या ह्यांनी मौलानांना विचारून आणलं. मौलाना म्हणाले, आजाऱ्याला सूट अल्लाहने दिली आहे, ती नाकारणारे आपण कोण. संध्याकाळी खाला म्हणाली, जाते मी. बोटंच आहेत, मशीन टाचेने चालवेन.

तिने हो म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शेवटच्या प्रकरणाला आलो.

मी ते घरी आधी वाचून घेतलं होतं. त्यात मुलगा येत नाही. रमजानचा चांद दिसायच्या आधी आई जाते. त्याला निरोप मिळतो तेव्हा तो शीतगृहात असतो, हातमोजे काढून तो फोन कानाला लावतो, आणि पुस्तक संपतं. उत्तम लिहिलं आहे. मी घरी रडले होते.

खालाने त्या दिवशी शर्टाची झिजलेली कॉलर उलटवायला घेतली होती. मी पुस्तक उघडल्यावर तिने ती बाजूला ठेवली, हे तिने आधी कधी केलं नव्हतं. म्हणाली, "पोहोचतो का गं?"

मी तिच्या पायाकडे बघितलं. पट्टी सकाळीच बदललेली होती आणि पिवळी झाली होती. मी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानानंतर डोळे पुस्तकावर ठेवून तोंडाने दुसरंच बोलायला लागले. त्याचे कागद झाले. त्याने कुणाला न सांगता तिकीट काढलं. रमजानच्या चांदरातीच्या संध्याकाळी तो बॅग घेऊन जिना चढला. आईने दार उघडलं तर तो म्हणाला, "बघतो म्हटलं होतं ना अम्मी. आलो." हे वाक्य पुस्तकात कुठेच नव्हतं. ते मी खालाच्या मुलाच्या तोंडचं उचललं. योग्य जागी पानं उलटायला मात्र मी विसरले नाही.

खाला रडली नाही. तिने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "बघ. बघतो म्हणाला आणि आला." मग कॉलर परत हातात घेतली. मी घरी येईपर्यंत खूश होते. नियत चांगली होती, असं स्वतःला सांगत होते. आजाऱ्याच्या मनाला उभारी दिली, दवाखान्यात जायचंय, ह्यात काय वाईट.

दोन दिवसांनी मी माफी मागायला गेले, दरवर्षीसारखी. वर्षभरात काही बोलण्याचालण्यात चुकलं असेल तर माफ करा, खाला. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सगळं माफ, बेटा. जे माहीत आहे तेही आणि जे माहीत नाही तेही." मी मान खाली घालून घेतली ती माफी. त्या क्षणी ते शेवटचं प्रकरण मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं.

सत्तावीस शाबानला सकाळी मी तिची पिशवी भरायला गेले तर ती मशीनवर बसली होती. घरचं जुनं मशीन, आजारी पाय बाजूला सोडून उजव्या पायाने चालवत होती. पडदे शिवत होती, मुलाच्या खोलीचे. खोली कसली, मधल्या कपाटामागची जागा.

"आज नाही जात," म्हणाली. "चांद झाल्यावर जाईन. त्या पोरग्यासारखा माझा आला आणि दाराला कुलूप बघितलं तर? परदेशातून आलेल्या माणसाने काय जिन्यात बसायचं?"

मी म्हटलं, खाला, त्याने सांगितलंय का येतो म्हणून? ती म्हणाली, त्या पोरग्याने तरी कुठे सांगितलं होतं. न सांगताच आला ना.

मी डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं. बोटं, पाय, वर चढेल. मौलानांचं सांगितलं. मग घरी येऊन ह्यांना पाठवलं, त्यांनी सांगितलं. एवढं सगळं बोलले मी, फक्त एक वाक्य सोडून. ते वाक्य बोलले असते तर ती तासाभरात दवाखान्यात असती. मला माहीत होतं. पण मला तिच्यासमोर खोटी ठरायचं नव्हतं. रमजानच्या उंबरठ्यावर, माफी घेऊन झाल्यावर. मी दवाखान्यात फोन करून सांगितलं की दोन दिवसांनी येतो. पलीकडच्या बाई म्हणाल्या, दोन दिवसांनी जागा असेल असं नाही. मी म्हटलं, बघू.

कादंबरी मी त्या दिवशी परत करून टाकली. ग्रंथालयातल्या बाईंनी विचारलं, कशी वाटली. चांगली आहे म्हटलं.

चांद एकोणतिसाव्या दिवशी दिसला. खाला दुपारपासून दार उघडं टाकून खाटेवर बसली होती, धुतलेला कुर्ता, डोक्याला नवीन ओढणी. अंगात ताप होता, तो तिने मला सांगितला नाही आणि मी हात लावून बघितला नाही. जिन्यात कुणाची पावलं वाजली की ती मान उचलायची. वरच्या मजल्यावरचे लोक चांद मुबारक म्हणत उतरत होते, प्रत्येकाला तिने तोंडभरून उत्तर दिलं. मग फोन वाजला. मीच उचलून तिच्या कानाला लावला. मुलाचा होता. मुबारक म्हणाला, तब्येत विचारली, इकडे उद्यापासून रोजे म्हणाला. तिने विचारलं, "निघालास का?" मग तो म्हणाला, "बघतो अम्मी."

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तिथूनच बोलला, की वाटेतून? तुला आवाजावरून काय वाटलं?"

पहाटेच्या सहरीचं सगळं करायचंय म्हणून मी घरी आले.

पहिल्या रोज्याच्या सकाळी मुलांना शाळेत पाठवून मी तिच्याकडे गेले. तिने रोजा ठेवला होता. दार आतून लोटलेलं, ओढणी तशीच, ती खाटेवर आडवी. अंग भाजत होतं. पट्टीच्या वर, घोट्यापर्यंत, कातडीचा रंग बदलला होता. खोलीतला वास आता जिन्यापर्यंत येत होता, म्हणजे मघाशी मी तो जिन्यातच ओळखला होता आणि वर येताना दोन पायऱ्यांवर थांबले होते.

मी खाटेजवळ जमिनीवर बसले.

"खाला, पुस्तकातला मुलगा आला नव्हता."

तिने डोळे उघडले. मला वाटलं तापात कळलं नसेल, म्हणून पुन्हा सांगितलं. ते मी घातलं. माझ्या मनाचं बोलले. पुस्तकात तसं काही नाही.

"आणि आई?"

"ती जाते. त्याला कळतं तेव्हा दफन होऊन चार दिवस झालेले असतात."

"कशाने जाते?"

मी आठवून बघितलं. पंधरा पानं मला जवळजवळ पाठ होती. "ते दिलेलं नाही."

"म्हणजे लिहिणाऱ्याने विचारलंच नाही," खाला म्हणाली.

मी रिक्षा बोलवू का विचारलं, तिने ऐकलं नाही.

"त्या दिवशी माफी मागायला आली होतीस."

"हो."

"तेव्हा तुला हे माहीत होतं."

"हो, खाला."

"मी म्हणाले, माहीत नाही तेही माफ." तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखर आठवून बघत होती. "दिलेली माफी परत घेता येते का? मौलानांना विचारून ये. मला येत नाही सांगता."

मी मौलानांना अजूनही विचारलेलं नाही.

पाणी घ्या म्हटलं तर ती म्हणाली, रोजा मोडायचा तर दवाखान्यात मोडेन, घरात नाही. ह्यांनी आणि खालच्या दुकानदाराने तिला खुर्चीसकट उचलून उतरवलं. जिन्यात तिने दोघांना सांगितलं की भिंतीला घासू नका, रंग ताजा आहे. दवाखान्यात त्या दिवशी जागा नव्हती, दुपारपर्यंत आम्ही बाकावर होतो. मग डॉक्टर आले, पट्टी काढून बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, दिलेल्या तारखेला आला असता तर बोटांवर भागलं असतं. आता पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, तोही आजच. फॉर्मवर नातं काय लिहू, असं त्यांनी विचारलं. शेजारीण, मी म्हटलं. मग सही कोण करणार? खालाने स्वतःच केली, उजवीकडून डावीकडे. डॉक्टरांनी तो कागद एकदा उलटा धरून पाहिला.

तिला आत नेताना मी तिथेच, बाकाच्या शेजारी, नमाज पढले. दुआ मागायला हात उचलले आणि काय मागायचं ते कळेना. त्या महिन्यात मी तीस रोजे ठेवले, रात्रीची तरावीहची नमाज एकदाही चुकवली नाही, कुराणही पूर्ण झालं. वहीत सगळं लिहिलेलं आहे. मौलाना एकदा बयानात म्हणाले होते, रोजा पोटाचा तसा जिभेचाही असतो. ते मी लहानपणापासून ऐकत आले. माझी जीभ चांद दिसायच्या आधीच खाऊन बसली होती.

खाला अठरा दिवसांनी घरी आली. मालक दवाखान्यात एकदा भेटायला आला होता. बसला नाही. उभ्यानेच सांगून गेला की गिऱ्हाईक थांबत नाही, दुसरी बाई ठेवावी लागली. खालाने विचारलं, ती सुया मोजते का? तो म्हणाला, नाही. "मोजायला सांग," ती म्हणाली. एवढंच बोलणं.

मी रोज जातच होते. जेवण न्यायचं, पट्टीवाल्या नर्सला दार उघडायचं, अंघोळ घालायची. पुस्तकांतून म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या बायकांबद्दल मी किती वाचलं होतं, पण पाण्याखाली म्हातारं अंग किती हलकं लागतं ते कुठेच आलेलं नव्हतं. खाला माझ्याशी बोलायची. काम सांगायची, थँक्यू वगैरे काही म्हणायची नाही, आधीही नव्हती म्हणत. पण बेटा म्हणणं बंद झालं. मला ती "अगं" म्हणते. ग्रंथालयातून बाईंचा निरोप आला होता, एक नवीन पुस्तक बाजूला ठेवलंय म्हणून. मी गेले नाही.

मुलाला पायाचं सांगितलं नव्हतं. तो फोन करायचा तेव्हा ती दवाखान्यात आहे, जरा साखर वाढली, एवढंच सांग असं तिने मला बजावलं होतं आणि मी तेवढंच सांगितलं होतं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, दुपारच्या नमाजनंतर, तिने मला मोबाईल काढायला लावला.

"मी सांगते तेवढंच लिही," ती म्हणाली. "आपलं काही घालू नकोस."

मी लिहीत गेले. पायात सुई गेली होती. आपल्याच दुकानातली. पाय सडला. कापला. मी घरी आले. जेवते. शेजारीण येते. तुझे रोजे नीट होवोत.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"एकदा येऊन जा, असं लिहू?"

"मी म्हटलं का तसं?"

"नाही."

"मग."

मी तिला पुन्हा पूर्ण वाचून दाखवलं, एकेका शब्दावर बोट ठेवून, तिला अक्षर कळत नाही तरीही. तिने मान हलवली. मी पाठवलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, मी तिची चादर बदलत होते तेव्हा. दोनच शब्द होते. मी ते मोठ्याने वाचले.

"कोणता पाय?"

खालाने चादरीवरून हात फिरवत त्या सपाट जागेपर्यंत नेला, जणू तिलाही खात्री करून घ्यायची होती.

"डावा लिही."

मी लिहिलं, डावा. पाठवलं. तो पलीकडे काहीतरी लिहितोय असं फोनवर दिसायला लागलं. बराच वेळ दिसत राहिलं. मग ते बंद झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद झालं. आम्ही दोघी फोनकडे बघत होतो.

"काय म्हणतो?" खालाने विचारलं.

"अजून काही नाही," मी म्हणाले, आणि तेवढंच म्हणाले.